लिंबूटिंबू : भावंडांच्या खेळातील सवलतीचा विचार

भावंडे लहानपणी एकत्र खेळली म्हणजे त्यांच्यातील स्नेह दृढ होतो, हे विधान आपल्याकडील बालसंगोपनपर लेखनात, शालेय निबंधांत आणि आत्मचरित्रांच्या आरंभीच्या प्रकरणांत इतक्या वेळा येते की, त्याची छाननी करावी असे कोणास वाटत नाही. ते विधान खोटे आहे असे मला म्हणावयाचे नाही. ते अपुरे आहे, आणि जेथे ते अपुरे पडते तेथूनच खऱ्या प्रश्नास आरंभ होतो. ज्या घरात चार मुले वाढतात त्या घरातील कडाक्याची भांडणे जेवणाच्या पानावर होत नाहीत, अभ्यासावरही होत नाहीत. ती खेळात होतात. कोणी चिडते, कोणी रडते, कोणी डाव मोडून निघून जाते. तेव्हा खेळाने स्नेह वाढतो एवढेच सांगून भागत नाही. खेळातील नेमकी कोणती गोष्ट भावंडांना बांधते आणि कोणती तोडते, हे सांगता आले पाहिजे.

प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार मराठी मुलांच्या खेळांतील परिभाषेच्या आधारे करावयाचा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने मानसशास्त्राच्या प्रांतात पाऊल टाकणे धाडसाचे आहे, ह्याची जाणीव आहे. परंतु मुले खेळताना जे शब्द वापरतात ते त्यांना शाळेने शिकविलेले नसतात, आईबापांनीही बहुधा शिकविलेले नसतात. मुलांनी आपसांतील व्यवहारासाठी ते राखून ठेवलेले असतात. अशा शब्दांची साक्ष दुर्लक्षिण्याजोगी नाही.

खेळाचा तात्त्विक विचार करणाऱ्यांनी समानतेला फार मोठे स्थान दिलेले आहे. रोजे काय्वा ह्या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, स्पर्धेच्या खेळात आरंभीची समानता कृत्रिम उपायांनी निर्माण करावी लागते, असे दाखविले आहे. त्याच्याही आधी, १९३२ साली, झाँ पियाजे ह्यांनी स्वित्झर्लंडमधील मुलांच्या गोट्यांच्या खेळाचे निरीक्षण करून असा निष्कर्ष काढला की, नियमांविषयीचा खरा आदर वडिलधाऱ्यांच्या धाकातून येत नाही, तो बरोबरीच्या मुलांच्या सहकार्यातून येतो. दोन्ही प्रतिपादने आपापल्या जागी योग्य आहेत. भावंडांच्या बाबतीत मात्र ती सरळ लागू पडत नाहीत. भावंडे बरोबरीची नसतात. त्यांच्या वयांत दोन, चार, कधी आठ वर्षांचे अंतर असते, आणि हे अंतर नाणेफेकीने किंवा गडी वाटून घेऊन नाहीसे करता येत नाही. थोरल्या भावाचे पाय लांब असतात. तो धावण्यात जिंकणारच. विषमता हा भावंडांच्या खेळाचा मूळ पाया आहे. तिचे काय करावयाचे, हाच त्या खेळातील पहिला प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्या महाकाव्यपरंपरेत मिळतात, आणि ती परस्परांच्या अगदी विरुद्ध टोकांची आहेत.

पहिले महाभारताच्या आदिपर्वातले. पाचही पांडव हस्तिनापुरात येतात आणि धृतराष्ट्राच्या पुत्रांबरोबर वाढू लागतात. धावणे, कुस्ती, नेमबाजी, कशातही भीमाची बरोबरी कोणास करता येत नाही. तो चुलत भावांना केसांना धरून फरफटतो, पाण्यात एकाच वेळी दहाजणांना कवेत घेऊन बुडवितो, आणि ते फळे काढण्यासाठी झाडावर चढले म्हणजे झाडास लाथ मारून फळांसह त्यांना खाली पाडतो. महाभारतकार येथे एक महत्त्वाचा खुलासा करतात: हे सारे भीम पोरपणाने करीत होता, त्याच्या मनात द्रोह नव्हता. हा खुलासा खरा मानला तरी परिणाम बदलत नाही. दुर्योधनाच्या मनात द्रोहाचे बीज येथेच पडते, आणि पुढे गंगाकाठी प्रमाणकोटी येथे तो भीमास विष घालतो. शंभर भाऊ आणि पाच भाऊ रोज एकत्र खेळत होते. एकत्र खेळण्याने स्नेह वाढतो हा नियम सरसकट खरा असता, तर भारतीय युद्धाचे कारणच उरले नसते. भीमाचा दोष बळाचा नव्हे. आपले बळ दुसऱ्यापेक्षा अधिक आहे ह्या गोष्टीची त्याने खेळात दखलच घेतली नाही, हा त्याचा दोष होय. (हे सर्व कुमार खऱ्या अर्थाने एका बाजूला उभे असलेले एकदाच दिसतात, त्यांची वीटा विहिरीत पडते तेव्हा. ती कोणासच काढता येत नाही आणि द्रोण येऊन ती काढून देतो. संस्कृत कोशांत वीटा म्हणजे यवाच्या आकाराचा वीतभर लाकडी तुकडा असा अर्थ दिलेला आढळतो, धातूचा गोळा असाही आढळतो. आपल्या विटीशी तिचे नाते जोडण्याचा मोह कोणाही मराठी वाचकास होईल. तो येथे आवरता घेते.)

दुसरे उत्तर तुलसीदासांच्या रामचरितमानसातील अयोध्याकांडात आहे. चित्रकूटावर सभा भरली आहे, अयोध्येच्या राज्याचे काय करावयाचे हा प्रश्न पुढे आहे, आणि भरत बोलावयास उभा राहतो. वडील भावाच्या प्रेमाचा दाखला म्हणून तो कोणता प्रसंग सांगतो? दान नव्हे, पराक्रम नव्हे. लहानपणी खेळताना आपण हरत असलो तरी रामाने आपल्यालाच जिंकू दिले, ही आठवण तो सांगतो. राज्यशास्त्राच्या चर्चेत एक मोठा मुलगा आपल्या बालपणच्या खेळाची साक्ष काढतो, हे तुलसीदासांच्या मर्मज्ञतेचे उदाहरण आहे. भीमाने जे केले नाही ते रामाने केले: धाकट्याला सवलत दिली.

परंतु ही सवलत झाकलेली आहे. राम हरल्याचा बहाणा करतो. भरताला ते कळले म्हणून ठीक. न कळते तर तो स्वतःला मोठा खेळाडू समजून बसला असता, आणि अपमानास्पद रीतीने कळते तर? आपण जिंकलो नव्हतो, आपल्याला जिंकविले गेले होते, हे उमगताच कित्येक धाकटी भावंडे दुखावतात, हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे. झाकलेल्या सवलतीत देणारा मोठा होतो आणि घेणारा नकळत लहानच राहतो. रामासारखा भाऊ आणि भरतासारखा भाऊ असल्यासच ती साधते. सामान्य घरांतील सामान्य मुलांनी काय करावे?

सामान्य मुलांनी ह्यावर एक तोड काढलेली आहे, आणि तिचे नाव लिंबूटिंबू. मराठी मुलांच्या खेळात ज्याला हा किताब मिळतो तो खेळात असतो आणि नसतोही. तो धावतो, लपतो, ओरडतो. पण तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. मुंबईकडे कच्चा लिंबू असेही म्हणतात. येथे सवलत झाकलेली नाही. डाव सुरू होण्यापूर्वी ती सर्वांदेखत जाहीर केली जाते, सर्वांकडून मान्य करून घेतली जाते आणि तिला एक नाव दिले जाते. भीमाप्रमाणे विषमता नाकारली जात नाही आणि रामाप्रमाणे ती लपविलीही जात नाही. तिचा नियम केला जातो.

शब्दाच्या घडणीकडे थोडे पाहू. मराठीत प्रतिध्वनी शब्द सामान्यतः बकाराने होतात: चहाबिहा, पाणीबिणी, पुस्तकबिस्तक. त्या नियमाने लिंबूबिंबू व्हावयास हवे, आणि बाजारात जाताना आपण तसे म्हणतोही. लिंबूटिंबू हे मात्र निराळे आहे. ते घट्ट बसलेले जोडनाम आहे, आणि त्याच्या उत्तरार्धात टिंब ऐकू येते: ठिपका, जागा असलेली पण किंमत नसलेली खूण. हे व्युत्पत्तीचे प्रमाण म्हणून मी पुढे करीत नाही. बोलणाऱ्याच्या कानाला काय जाणवते एवढेच सांगते. कच्चा लिंबू ह्या पर्यायात आणखी एक गंमत आहे. मराठीत लिंबू नपुंसकलिंगी. नियमाप्रमाणे कच्चे लिंबू म्हणावयास हवे. कच्चा हे रूप हिंदीच्या शेजारामुळे आले असेल, किंवा ज्याच्याविषयी ते बोलले जाते त्या मुलाचे लिंग शब्दाने उचलले असेल. काही असो, महत्त्वाचे आहे ते हे की जे कच्चे आहे ते पुढे पिकणार असते. सवलत कायमची नाही, हे त्या शब्दातच सांगितलेले आहे. २०१७ साली ह्याच नावाचा जो मराठी चित्रपट आला, त्यातील मूल विशेष होते, सवलतीची गरज कधी न संपणारे. त्या शीर्षकातील वेदना शब्दाच्या ह्याच अर्थावर उभी आहे.

आता हे लिंबूटिंबू प्रत्यक्षात कोण असतात? कोणीही लहान मूल असू शकेल, पण बहुतेक वेळा ते कोणाचे तरी धाकटे भावंड असते. मोठी मुले आपण होऊन चार वर्षांच्या पोराला खेळायला बोलावीत नाहीत. आई कामात असते. ती म्हणते, जाताना ह्यालाही घेऊन जा. ताईच्या कडेवर किंवा दादाच्या बोटाला धरून ते पोर अंगणात येऊन पोहोचते. मोठ्या भावंडाने धाकट्याला सांभाळण्याची ही रीत जगातील बहुसंख्य समाजांत होती, हे वाइज्नर व गॅलिमोर ह्या अभ्यासकांनी १९७७ साली विस्ताराने दाखवून दिले आहे. ह्या सांभाळण्याची किंमत थोरल्याला खेळ सोडून द्यावी लागू नये, म्हणून ही पदवी निघाली. धाकट्याला खेळात आणले तर खेळ बिघडतो. न आणले तर ते रडते आणि थोरल्याला घरी जावे लागते. दोहोंतून सुटण्याची ही वाट कोण्या शिक्षणतज्ज्ञाने सुचविलेली नाही. जबाबदारी आणि खेळ एकाच वेळी निभाविणाऱ्या मुलामुलींनी ती काढली आहे.

स्वतःचा अनुभव येथे सांगितल्यास वाचक क्षमा करतील. मी वाड्यातील सर्व मुलांत लहान, आणि थोरल्या भावाच्या मागे मागे जाणारी. डबा ऐसपैसमध्ये मी कितीतरी महिने लिंबूटिंबू होते. कोठेही लपले तरी माझे नाव कोणी पुकारीत नसे, आणि हे माझ्याच लपण्याचे कौशल्य अशी माझी समजूत होती. एके संध्याकाळी भावावर राज्य होते. मी नेहमीप्रमाणे जिन्याखाली लपले. त्याने मला पाहिले, डब्याकडे धावत गेला आणि माझे नाव मोठ्याने पुकारले. दुसऱ्या मुलांनी आठवण करून दिली तेव्हा तो म्हणाला, ती आता लिंबूटिंबू नाही. पुढचे राज्य माझ्यावर आले. मी रडत घरी गेले, आईकडे तक्रार केली, आणि आईने त्याला चांगलेच फटकारले: लहान बहिणीशी असे वागतात का? तो काही बोलला नाही. त्या दिवशी त्याने मला पदोन्नती दिली होती, हे आईला कळले नाही आणि मलाही कळण्यास बरीच वर्षे लागली.

घरचा न्याय आणि खेळाचा न्याय ह्यांतील हा फरक मराठी साहित्याच्या समीक्षेत फारसा लक्षात घेतला गेलेला नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या श्यामची आई ह्या पुस्तकाचे उदाहरण घेऊ. त्यातील भावाभावांच्या प्रेमाचा सर्वांच्या स्मरणात राहिलेला प्रसंग म्हणजे श्यामने पैसे साठवून धाकट्या भावासाठी शिवलेला कोट. प्रसंग हृद्य आहे ह्यात शंका नाही. परंतु ते प्रेम आईच्या शिकवणुकीतून आलेले आहे, त्याचे रूप त्यागाचे आहे, आणि त्याची पावती आईच्या डोळ्यांत पाहावयाची आहे. आपल्या बोधपर गद्याने बंधुप्रेमाची हीच रीत पुढे गिरविली: मध्ये आई, एका बाजूला देणारा, दुसऱ्या बाजूला घेणारा. जात्यावरच्या ओव्यांतील भाऊही बहुधा न्यावयास येणारा आणि चोळी देणारा भाऊ आहे. आईच्या पश्चात, तिच्या नजरेबाहेर, भावंडांनी परस्परांशी केलेल्या करारांना ह्या परंपरेत जागा मिळाली नाही. साने गुरुजींना हा दोष लावणे अन्यायाचे होईल, कारण त्यांचा विषयच आई हा होता. दोष आहे तो त्या पुस्तकाला भावंडांच्या नात्याचा संपूर्ण आलेख समजणाऱ्या आपल्या वाचनाचा.

प्रकाश नारायण संतांच्या लंपनने ही वाट काहीशी बदलली. आजी-आजोबांच्या गावी वाढणारा, आईवडिलांपासून आणि भावंडांपासून दूर ठेवलेला हा मुलगा. त्याच्या भोवती मित्र आहेत, सुमी आहे, गाव आहे. तरी १९९४ च्या त्या पहिल्या संग्रहाचे नाव वनवास असे आहे. त्या नावाचा अर्थ आईच्या विरहापुरता लावण्यात येतो. तो तेवढाच आहे असे मला वाटत नाही. घरात ज्याच्याशी रोज भांडावे आणि ज्याला रोज सवलत द्यावी असे कोणी नसणे, हाही त्या वनवासाचा एक भाग आहे.

परिभाषेतील आणखी दोन शब्दांची साक्ष काढून मूळ मुद्द्याकडे येते. पहिला भिडू. भिडणे ह्या क्रियापदाशी त्याचे नाते उघड दिसते. भिडणे म्हणजे चिकटणे आणि भिडणे म्हणजे झुंजणेही. आपल्या बाजूचाही भिडू आणि समोरच्या बाजूचाही भिडूच. घरात ज्याला दादा म्हणावयाचे, त्याला खेळात भिडू म्हणता येते. नात्याचे नाव तेवढ्यापुरते बाजूस ठेवले जाते, आणि दिवेलागणीला घरात शिरताना ते पुन्हा धारण केले जाते. दुसरा शब्द राज्य. घरात थोरल्याचे राज्य असते ह्याचा अर्थ तो इतरांवर अधिकार चालवितो. खेळात थोरल्यावर राज्य आले म्हणजे तो एकटा पडतो, डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, आणि सर्वांनी त्याला चकवावयाचे असते. एकाच शब्दाचे अर्थ घराच्या उंबऱ्यापाशी असे उलटे होतात. आत जो हुकूम देतो तो बाहेर घामाघूम होतो, आणि धाकट्यांना ते पाहावयास मिळते. (चित्रकूटावर दोन भाऊ राज्य एकमेकांवर ढकलीत होते, ह्याची येथे आठवण झाली तर कोणी तिला कोटी म्हणेल, तशी ती आहेच.)

हे शब्द टिकतात कसे, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. विटीदांडूतील मोजणी पाहा. वकट, लेंड, मूंड, नाल: विटी शरीराच्या कोणत्या भागावर ठेवून टोलवावयाची ते ह्या शब्दांनी ठरते. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु ह्या अंकवाचकांशी त्यांचे साम्य इतके स्पष्ट आहे की अधिक विवेचन नको. तेलुगूचे एक अक्षरही न जाणणाऱ्या मराठी मुलांनी ते पिढ्यान्पिढ्या जतन केले. इंग्लंडात आयोना व पीटर ओपी ह्या दांपत्याने १९५९ साली असे दाखविले की, मुलांची ही विद्या मोठ्यांकडून येत नाही, मुलांकडून मुलांकडे जाते. त्यांच्या डोळ्यांपुढे शाळेचे आवार आणि रस्ता होता. आपल्याकडे त्यात एक पुरवणी जोडावी लागेल. एकत्र कुटुंबाच्या वाड्यात, आजोळच्या सुटीत, चुलत, मामे, मावस, आते अशी सर्व भावंडे एकाच अंगणात जमत. मराठीत ती सर्व भावंडेच. ह्या विद्येचा ओघ थोरल्या भावंडाकडून धाकट्याकडे वाहत असे. लिंबूटिंबू असण्याचा काळ हा नुसता सवलतीचा काळ नव्हता, तो उमेदवारीचा काळ होता. बाद होण्याची भीती नसलेले ते पोर मधोमध हिंडत सगळे शब्द, सगळ्या खुणा, सगळ्या लबाड्या ऐकत असे. पुढे पक्का भिडू झाल्यावर हीच शिदोरी ते आपल्यापेक्षा लहानांना देई. ज्याच्याकडून आपण भाषेचा एक सबंध कप्पा शिकलो त्याच्याशी जडलेले नाते कोटाने जडलेल्या नात्यापेक्षा कमी प्रतीचे म्हणता येणार नाही.

बहिणीबहिणींच्या खेळांचा, विशेषतः मंगळागौरीच्या खेळांचा, विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा. फुगडीत एकीचा तोल दुसरीच्या हातात असतो. तेथे सवलत देण्याची रीत निराळी आहे. मोठीने आपले वजन मागे किती टाकावे हे तिला धाकटीच्या मनगटावरून कळते, आणि त्यासाठी शब्द लागत नाही. शब्दांच्या अभ्यासकाने म्हणूनच तेथे थांबावे हे बरे.

ह्या शब्दाच्या आजच्या स्थितीविषयी मात्र बोलले पाहिजे. वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर लिंबूटिंबू संघ असा प्रयोग आता रूढ झाला आहे. क्रिकेटमधील दुबळ्या संघास उद्देशून तो केला जातो, आणि त्यात जिव्हाळ्याचा अंश नाही, हिणविणे आहे. मूळ शब्दात जो बाद होऊ शकत नव्हता, तो येथे सहज बाद होणारा ठरला आहे. अर्थाचा असा अपकर्ष भाषेत नवीन नाही. पण तो का झाला हे विचारता येते, आणि उत्तराचा काही भाग घरांच्या आकारात सापडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ साली, महाराष्ट्रातील एकूण जननदर २.९ च्या घरात होता. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत तो १.७ आहे. हे घटणे अनेक दृष्टींनी इष्टच होते, आणि त्याविषयी हळहळण्याचे कारण नाही. पण ज्या संस्थेतून हा शब्द आला तिला थोरले आणि धाकटे, दोन्ही लागत होते. पदव्युत्तर वर्गात मी लिंबूटिंबूचा अर्थ विचारला तेव्हा बहुतेकांनी क्रिकेटमधलाच सांगितला. एका विद्यार्थिनीला खेळातला ठाऊक होता. ती म्हणाली, आजोळी शिकले, घरी मी एकटीच.

भावंडे आहेत त्या घरांतही परिस्थिती बदलली आहे. मुले संध्याकाळी अंगणात न जाता प्रशिक्षणवर्गास जातात, आणि तेथे वयोगट असतात: दहा वर्षांखालील, बारा वर्षांखालील, चौदा वर्षांखालील. गटवारीमागील हेतू शास्त्रशुद्ध आहे. काय्वाने सांगितलेली आरंभीची समानता तीच होय, आणि कोणावर अन्याय होऊ नये हीच तिच्यामागील इच्छा. मात्र ह्या व्यवस्थेत सात वर्षांची बहीण आणि अकरा वर्षांचा भाऊ एका मैदानावर उतरले तरी एका खेळात उतरत नाहीत. ती दोघे दोन कोपऱ्यांत, दोन शिक्षकांच्या हाताखाली, आपापल्या बरोबरीच्या मुलांशी खेळतात, आणि वर्ग सुटल्यावर फाटकापाशी भेटतात.